राजीनामा टाईप करून ठेवलाय, फक्त सही करा म्हणतात (सातारा)

माहुलीघाट
५ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार. बरीच वर्षं नुसतीच वाचते, लिहायची वेळ आज आली.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी लिपिक आहे. शाळा शंभर टक्के अनुदानित. जून २००२ ला लागले, म्हणजे चोवीस वर्षं झाली. बावन्नावं चालू आहे, नोव्हेंबर २०३२ ला रिटायर होणार. संस्थेचं, गावाचं नाव विचारू नका, जिल्हा लहान आहे.

दोन वर्षांपूर्वी नवे हेडसर आले. पहिल्याच महिन्यात म्हणाले, "बाई, जावक नोंदवहीत रोज शेवटी दोन ओळी मोकळ्या सोडत जा." का, ते ज्याने ऑफिसात काम केलंय त्याला सांगायला नको. मागच्या तारखेची पत्रं त्या ओळींत बसवायची असतात. मी सोडल्या नाहीत. रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली तिरकी रेघ मारून तारीख टाकायचे. भांडण तेवढंच होतं, पण ते तेवढ्यावर राहिलं नाही.

आधी कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग मेमो सुरू झाले. आठ मिनिटं उशीर, मेमो. (एसटी लेट झाली तर मी काय ढकलत आणू?) आता टेबल-खुर्ची पोषण आहाराच्या खोलीत हलवलीय. तांदळाच्या पोत्यांना पाठ टेकून बसते, पावसाळ्यात पोरकिडे वर चढून रजिस्टरच्या पानांतून फिरतात. स्टाफमधलं कुणी दुपारचा डबा खायला बरोबर बसत नाही. त्यांनाही नोकऱ्या आहेत, मी समजू शकते.

काल संस्थेचे एक पदाधिकारी आले. गोड बोलले. "कशाला त्रास करून घेता, राजीनामा देऊन टाका, चोवीस वर्षं झाली, पेन्शन बसेलच." आणि टाईप केलेला कागद पुढे ठेवला. फक्त सही करायची. मी "घरी विचारते" म्हणून पर्समध्ये घालून आणला. आत्ता समोर आहे.

खरं सांगू का, सही करावीशी वाटतेय. मिस्टरांचं म्हणणं, तब्येतीपुढे पैसा नाही. पण पेन्शन खरंच बसते का?

कुपवाड_फिटर
५ जुलै, रात्री ११.३८

ताई, द्या फेकून तोंडावर. मी कुपवाड एमआयडीसीत दोन कंपन्या सोडल्या. राजीनाम्याने पीएफ कुठं जात नाही, तो आपल्या नावावर असतो. ग्रॅच्युइटी पण पाच वर्षं झाली की द्यावीच लागते, महिन्याचा शेवटचा पगार गुणिले पंधरा गुणिले वर्षं, भागिले सव्वीस असा हिशेब. तुमची तर चोवीस झालीत.

लाल_शाई
५ जुलै, रात्री ११.५२

सही करू नका. सकाळी सविस्तर लिहितो. तो कागद फाडूही नका, जपून ठेवा.

नाना_रहिमतपूर
६ जुलै, सकाळी ६.१५

लाल शाई सकाळी लिहितीलच, तोवर माझ्या घरातलं सांगतो. माझा मेहुणा जिल्हा परिषदेत होता. अठरा वर्षं नोकरी. साहेबाशी वाजलं, भर मीटिंगमध्ये अपमान झाला. बाहेर येऊन शिपायाकडून रेघारेघांचा एक कागद मागून घेतला, त्यावर पाच ओळी लिहिल्या, "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे." पाच ओळीच. मी पाहिलाय तो कागद, खाडाखोडसुद्धा नव्हती. लगेच मंजूर. एरवी मेडिकल बिलाला वर्ष लावणारं ऑफिस, यांच्या राजीनाम्याला चार दिवस लागले.

जीपीएफ मिळाला. पेन्शन शून्य. अठरा वर्षांची सेवा पुसली गेली. वर्ष-सव्वा वर्षाने डोकं शांत झालं तेव्हा राजीनामा मागे घ्यायला गेला, मुदत कधीच टळून गेली होती. आज एका मंगल कार्यालयात दिवाणजी आहे. आमच्या बहिणीने त्याला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पेन्शनीची तारीख जवळ आली की शेजाऱ्यांकडे जायचं टाळते.

वाईची_सून
६ जुलै, सकाळी ७.०२

बाप रे नाना.

लाल_शाई
६ जुलै, सकाळी ९.२०

मी वेतन पथकात, म्हणजे अनुदानित शाळांचे पगार काढणाऱ्या ऑफिसात होतो, आयुष्य दुसऱ्यांची सेवापुस्तकं चाळण्यात गेलं. ताई, नीट वाचा.

कुपवाड भाऊ बोलले ते त्यांच्या नोकरीला लागू आहे, तुमच्या नाही. खासगी कारखान्यात राजीनामा हा नुसता नोकरी सोडण्याचा मार्ग आहे. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी शंभर टक्के अनुदानित पदावर लागलात, म्हणून तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू. त्यातला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त. अठरा असो की अठ्ठावीस. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वीस वर्षं झाली होती म्हणून राजीनाम्याची आपोआप स्वेच्छानिवृत्ती होत नाही. तुमच्या पुढ्यातल्या टाईप केलेल्या कागदावर कुठला शब्द आहे ते बघा. "पेन्शन बसेलच" म्हणणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

जायचंच असेल तर नियम ६६. वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनला धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. नोटिशीच्या मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही तर मुदत संपताच ती अमलात येते. मन बदललं तर मुदतीच्या आत परवानगीने मागे घेता येते. कागदावर "राजीनामा" हा शब्द चुकूनही नको, "कृपया राजीनामा समजून स्वेच्छानिवृत्ती द्यावी" असली खिचडी तर मुळीच नको. असली पत्रं मी पाहिलीत. त्यापायी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

आणि हिशेब. तुमचं मूळ वेतन किती?

माहुलीघाट
६ जुलै, दुपारी १.४५

डब्याच्या सुट्टीत लिहितेय. मूळ वेतन आता १ जुलैची वेतनवाढ धरून ४६,१०० व्हायला हवं. कागद पाहिला. "मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय राजीनामा देत आहे." हात थरथरला हो माझा. रात्री मी पेन काढलं होतं.

लाल_शाई
६ जुलै, रात्री ९.०५

आज स्वेच्छानिवृत्ती घेतलीत तर निम्मं म्हणजे २३,०५० पेन्शन, वर महागाई भत्ता. नोव्हेंबर २०३२ पर्यंत थांबलात तर अजून सहा वेतनवाढी, मूळ ५५,१०० पर्यंत जाईल, पेन्शन २७,५५०. (आठव्या वेतन आयोगाचं काय होईल ते होवो, मी आजच्या तक्त्यावर बोलतोय.) उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचं वेतन. चोवीस वर्षांच्या अठ्ठेचाळीस सहामाह्या, म्हणजे बारा महिन्यांचं. तीस वर्षं भरली तर पंधरा महिन्यांचं, तेही वाढलेल्या वेतनावर. म्हणजे आत्ता जाणंही बुडीत नाही, थांबणं जास्त फायद्याचं. मधली सहा वर्षं कशी काढायची ते तुम्ही ठरवा, ते तक्त्यात नसतं.

कुपवाड_फिटर
६ जुलै, रात्री ९.३०

माफ करा ताई, मी आपल्या चष्म्यातून बोललो. पण इथं आमच्यासारखे पण वाचत असतील म्हणून माझी घोडचूक सांगतो. पहिली कंपनी मी रागात सोडली तेव्हा नऊ वर्षं दोन महिने झाले होते. ईपीएसच्या (पीएफबरोबर असते ती पेन्शन योजना) पेन्शनला दहा वर्षं लागतात, पण सहा महिने किंवा जास्त झाले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे अजून चार महिने दात आवळून बसलो असतो तर दहा मोजली असती. बरं, ते जाऊ दे, सोडल्यावर तरी शहाणपण करावं? गाडी घ्यायची होती म्हणून फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे पण काढून घेतले. तेव्हा योजना प्रमाणपत्र घेतलं असतं तर ती नऊ वर्षं पुढच्या कंपनीत जोडली गेली असती. आता दुसऱ्या कंपनीत पुन्हा शून्यापासून.

१५,००० च्या मर्यादेत हिशेब असतो, गुणिले वर्षं, भागिले ७०. वीस वर्षांनाही पाच हजारांच्या आतच. मोठी रक्कम नाही, माहितेय. पण म्हातारपणी सांगली सिव्हिलला जायला रिक्षा तरी होईल.

अजून एक. महिन्याला पासबुक बघा. आमच्या दुसऱ्या मालकाने सात महिने पगारातून कापलं आणि भरलंच नाही. पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून आम्ही निवांत.

ढोबळी_मिरची
६ जुलै, रात्री १०.१२

आम्ही २००८ ला लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नसलेले. आम्हाला विचारा पेन्शन काय असते. मार्च २०२३ च्या संपात आठवडाभर घोषणा देऊन घसा बसला, अजून खरखर आहे. ताई, तुमच्याकडे जुनी पेन्शन आहे, ती असली सही करून घालवू नका. आमच्या वाट्याची पण सांभाळा!

वाईची_सून
७ जुलै, सकाळी ८.४०

सगळे पैशाचं बोलतायत म्हणून मी दुसरं विचारते. ताई, झोप लागते का? मी शिक्षिका होते, तीन वर्षं असल्याच छळात काढली. रविवारी दुपारी चारपासून पोटात गोळा यायचा. एसटी शाळेच्या फाट्यावर वळली की उलटी. घरच्यांना वाटायचं पित्त. शेवटी साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, सहा महिने गोळ्या घेतल्या, कुणाला सांगितलं नाही. आज इथं सांगतेय. रजा साचलेली असेल तर घ्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून, रीतसर. अर्ज न देता घरी बसू नका, नाहीतर "अनधिकृत गैरहजर" म्हणून नवीनच लचांड मागे लागेल.

माहुलीघाट
७ जुलै, रात्री १०.२०

झोप नाही लागत. साडेतीनला जाग येते, मग पाच वाजेपर्यंत अजिंक्यताऱ्यावरचे दिवे बघत गॅलरीत. तुम्ही लिहिलंत म्हणून मिस्टरांना पहिल्यांदा नीट सांगितलं. त्यांना वाटत होतं मी टीव्हीचा आवाज मोठा म्हणून चिडते.

रजा आहे शिल्लक. पण मी रजेवर गेले की तिकडे सेवापुस्तकात काही खरडलं तर? किल्ल्या त्यांच्याकडे आहेत.

लाल_शाई
८ जुलै, सकाळी ७.३०

आता मुद्द्याचं विचारलंत. पेन्शनचं खरं घर सेवापुस्तकच, तिथं फट राहिली तर महालेखापालांकडून प्रकरण आक्षेप लागून परत येतं. साक्षांकित प्रत ताब्यात घ्या. आधी साधा अर्ज. दिली नाही तर माहिती अधिकारात, अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत द्यावी लागते. गंमत अशी की शाळेत जनमाहिती अधिकारी बहुधा हेडसरच असतात आणि अर्जाला आवक नंबर टाकायला तुम्ही स्वतः. म्हणून पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, पोचीची नोंद मात्र मिळते.

प्रत हातात आली की पान पान बघा. पहिल्या नेमणुकीची शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, तिचा क्रमांक नि तारीख. जन्मतारीख अक्षरी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची नोंद. एमएससीआयटीच्या प्रमाणपत्राची नोंद. सहाव्या, सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर पडताळणीचे शिक्के. आणि दरवर्षीची "सेवा पडताळली" ही नोंद, तिच्याखाली सही. हेडमास्तर बदलले की नेमकं त्या वर्षीची सही राहते. मी शेकडो पुस्तकांत हेच पाहिलं.

मेमोचं म्हणाल तर एकही अनुत्तरित ठेवू नका. खुलासा चार ओळींचा असावा, त्यात हेडसरांच्या स्वभावावर निबंध नको. एसटी लेट होती तर तिकीट जोडा. तुमचं तोंड बंद होतंय की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, त्यांना चौकशीचा पाया रचायचा असतो. अन् चौकशी हीच खरी भीती. पेन्शन प्रकरणाला ना-देय (काही देणं बाकी नाही) आणि ना-चौकशी (चौकशी चालू नाही) असे दोन दाखले लागतात. निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरती पेन्शन मिळते, पण उपदान निकाल लागेपर्यंत अडकतं.

ढोबळी_मिरची
८ जुलै, सकाळी ७.५८

आणि जावक वहीचं? तो तर पुरावा आहे ना. फोटो काढून ठेवावेत का?

लाल_शाई
८ जुलै, सकाळी ८.१०

शाळेचं रेकॉर्ड घरी नेलं किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवलं तर उलट तुमच्यावरच शेकेल. रेघ मारून तारीख टाकताय, तेच पुरेसं आहे. मोकळ्या ओळी सोडायचा आदेश तोंडी होता ना? मग एक पत्र द्या, "आपण अमुक तारखेस तोंडी सूचना दिली, ती कृपया लेखी द्यावी." लेखी कुणी देत नाही. सूचना मात्र कागदावर येते.

कृष्णाबाई_७
८ जुलै, रात्री ८.४५

मी वकील आहे, कराडची. थोडी भर घालते, सल्ला म्हणून नाही, ओळख म्हणून.

१९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा असल्या टाईप केलेल्या राजीनाम्यांमुळेच कडक आहे. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही-तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला आणि दुसरी स्वतःजवळ. पदाधिकाऱ्याने टेबलावर ठेवलेल्या कागदावर सही घेणं हा तो मार्ग नाही. तरी सही करून मग भांडण्यात अर्थ नाही. काढून टाकलं, जबरदस्तीने घालवलं किंवा पदावनत केलं तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. ही मुदत विसरणारे फार. चौकशी नेमलीच तर समितीत एक सदस्य तुमच्या पसंतीचा असतो, तो हक्क सोडू नका. पुढे उच्च न्यायालय गाठावं लागलं तरी आता मुंबईची वारी नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं आणि सातारा-सांगली त्यात येतात.

आणि एक. वर्ग तीनच्या (लिपिक त्यातच येतात) कर्मचाऱ्यांकडून जादा दिलेलं वेतन निवृत्तीच्या तोंडावर वसूल करू नये, असा १८ डिसेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. "तुमची वेतननिश्चिती चुकली, सव्वा लाख भरा" अशी धमकी आली तर तो आठवा. मात्र आयोगाच्या वेतननिश्चितीच्या वेळी "जादा दिल्यास परत करीन" असं हमीपत्र लिहून दिलं असेल, तर २०१६ चा निकाल उलट बाजूने वापरतात. हमीपत्र दिलंय का बघा, बहुतेकांनी न वाचता दिलेलं असतं.

माहुलीघाट
८ जुलै, रात्री ११.००

दिलंय. आणि ते स्टाफमधल्या सगळ्यांचं मीच टाईप केलं होतं. हसावं की रडावं.

नाना_रहिमतपूर
९ जुलै, सकाळी ६.०५

हसा हो. पोवई नाक्यावर या एकदा, चहा पाजतो. मेहुण्यालाही बोलावतो, तो हल्ली अशा लोकांना स्वतःहून भेटतो. बोलत नाही जास्त, फक्त त्या कागदाची झेरॉक्स दाखवतो.

माहुलीघाट
२३ ऑगस्ट, रात्री ९.१५

मंडळी, दीड महिन्याने येतेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

राजीनामा दिला नाही. पदाधिकाऱ्यांना सांगितलं, "घरचे नाही म्हणाले." तेवढंच. मोठं भाषण मनात तयार होतं, पण लाल शाई काकांचं "चार ओळी" आठवलं.

तेरा दिवस वैद्यकीय रजा घेतली. वाईच्या सूनबाई म्हणाल्या त्या प्रकारच्या डॉक्टरांकडे गेले, गोळी चालू आहे, साडेतीनची जाग आता पाचवर आलीय.

सेवापुस्तकाची प्रत माहिती अधिकारातच मिळाली, एकोणतिसाव्या दिवशी. जमिनीवर चटई टाकून मिस्टर आणि मी पान पान पाहिलं. दोन भोकं सापडली. २००९-१० च्या सेवा पडताळणीखाली सही नाही, त्या साली हेडमास्तर बदलले होते, काका म्हणाले तसंच. दुसरं, माझं माहेरचं नाव पहिल्या पानावर तसंच आहे, राजपत्राची नोंद नाही. राजपत्र कुठं ठेवलं ते चार दिवस आठवेना. शेवटी लग्नाच्या साड्यांच्या ट्रंकेत, रुखवताच्या यादीबरोबर सापडलं, कडा वाळवीने खाल्लेल्या पण क्रमांक शाबूत.

२००९ चे हेडसर आता रिटायर होऊन वडूजजवळ असतात. पडताळणी आताच्या हेडसरांनीच पगारपत्रकं बघून करायची असते, असं वेतन पथकात कळलं. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याच सहीसाठी अर्ज. दिलाय. पहिला दिला, उत्तर नाही. स्मरणपत्र दिलं, त्याची प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला. काल हेडसरांनी बोलावलं, माझ्याकडे न बघता सही केली, पेन टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "सर, खाली तारीख राहिली."

टाकली तारीख.

स्वेच्छानिवृत्तीचं अजून ठरलं नाही. खुर्ची अजून पोत्यांपाशीच आहे. जावक वहीत रोज रेघ मारते.

लाल_शाई
२३ ऑगस्ट, रात्री ९.४०

त्या सहीखाली शिक्का आहे का? गोल नाही, हुद्द्याचा.

माहुलीघाट
२३ ऑगस्ट, रात्री ९.४४

अरे देवा. उद्या बघते.